गोमतीकाठी वाचलेला काळा दगड

अलीगंजमध्ये विहीर खणा, बोअर घ्या, दगड लागायचा नाही. लखनौच्या उत्तरेकडच्या या वस्तीखाली माती, वाळू, चिकणमाती आणि पुन्हा वाळू असे थर शेकडो मीटर खोल गेलेले आहेत. हिमालयातून नद्यांनी आणून टाकलेला हा सगळा गाळ. आपल्याकडे घराचा पाया खणताना पहार कातळावर आदळते आणि ठिणगी उडते. हा अनुभव इथल्या माणसाला नाही. तरीही याच अलीगंजच्या सेक्टर ईमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उत्तर विभागाचे कार्यालय आहे, आंचलिक विज्ञान नगरी आहे, आणि जुन्या वास्तू-वस्तूंच्या जतनाचे शास्त्र सांभाळणारी राष्ट्रीय प्रयोगशाळाही आहे. तिथून दक्षिणेला गोमतीच्या दिशेने निघाले की लखनौ विद्यापीठ लागते, आणि युनिव्हर्सिटी रोडवर बीरबल साहनी यांच्या नावाची संस्था.

ज्या शहराच्या पायाखाली दगड नाही, त्या शहराने गेली शंभर वर्षे दगड वाचले. त्यातही ज्या दगडाने त्याला सर्वांत जास्त छळले, तो आपला आहे: महाराष्ट्राचा काळा कातळ. रायगडाचा, वेरूळच्या लेण्यांचा, शेताच्या बांधावर रचलेल्या धोंड्यांचा. हा दगड किती जुना, हा प्रश्न विसाव्या शतकात सर्वांत चिकाटीने विचारला तो मुंबई-पुण्याने नव्हे, लखनौच्या वनस्पतिशास्त्र विभागाने. मराठी वाचकाला ही हकिगत फारशी सांगितली गेलेली नाही, आणि मला ती सांगण्याजोगी वाटते.

लखनौ विद्यापीठाचा कायदा नोव्हेंबर १९२० मध्ये झाला आणि १७ जुलै १९२१ रोजी वर्ग सुरू झाले. महमूदाबादचे राजे मोहम्मद अली मोहम्मद खान यांनी या विद्यापीठाचा आग्रह धरला होता आणि संयुक्त प्रांताचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर हार्कोर्ट बटलर यांनी तो उचलून धरला. बादशाहबागेतले कॅनिंग कॉलेज १८६४ पासून चालू होतेच, त्याच्या इमारतींत नवे विद्यापीठ बसले. सुरुवातीच्या दशकांत तिथे जमलेली माणसे पाहिली की या विद्यापीठाची नजर परीक्षांच्या पलीकडे होती हे कळते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रात राधाकमल मुखर्जी होते. गणितात अवधेश नारायण सिंह होते. त्यांनी विभूतिभूषण दत्त यांच्यासोबत हिंदू गणिताचा इतिहास दोन भागांत लिहिला (१९३५ आणि १९३८). प्राणिशास्त्रात के. एन. बहल होते. त्यांचा १९२६ चा गांडुळावरचा प्रबंध पुढे देशभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. महाराष्ट्रात बी.एस्सी.ला असताना मेणाच्या ताटलीत गांडूळ टाचणीने ताणून ज्यांनी ज्यांनी चिरले, ते नकळत बहल यांचेच शिष्य.

आणि वनस्पतिशास्त्रात, १९२१ मध्येच, आले बीरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, पश्चिम पंजाबातल्या भेरा गावचा. वडील रुचीराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. लाहोरला शिवराम कश्यप यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकून साहनी १९११ मध्ये केंब्रिजला गेले आणि तिथे ए. सी. सीवर्ड यांच्याकडे जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासात रुजले. भारतातल्या गोंडवन काळच्या वनस्पतींची नव्याने तपासणी करण्याचे काम सीवर्डनी या विद्यार्थ्याला सोबत घेऊन केले. महायुद्धाची वर्षे तिकडेच गेली. १९१९ मध्ये परत आल्यावर आधी बनारस, मग लाहोर आणि शेवटी लखनौ. तिशीतल्या या प्राध्यापकाच्या हाती एक नवाकोरा विभाग आला. जीवाश्मांच्या अभ्यासाला लागणारा दगड मात्र आसपास शंभर कोसांत नव्हता. तो पोत्यांतून, पेट्यांतून, रेल्वेच्या डब्यातून आणायचा होता.

सुरुवातीला बराच माल आला तो तेव्हाच्या बिहारमधल्या राजमहाल टेकड्यांतून. १९३२ मध्ये साहनींनी तिथल्या विल्यमसोनिया नावाच्या एका अश्मीभूत झाडाची पूर्ण बांधणी उभी करून दाखवली: खोड, पान आणि फुलासारखा अवयव, सगळे एकाच झाडाचे. त्यांचे शेवटचे मोठे काम, पेंटॉक्सिलॉन या अगदी वेगळ्या वनस्पतिगटाची मांडणी, तेही राजमहालच्याच दगडांवरचे, १९४८ चे. पण आपल्याला जायचे आहे ते दक्षिणेला, सातपुड्याच्या पलीकडे.

त्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे. १८४० च्या दशकात भोसल्यांच्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी आले. धर्मप्रसार आणि शाळा सांभाळून त्यांनी नागपूरभोवतीचा मुलूख हातोडी घेऊन पालथा घातला. टाकळीला, सीताबर्डीच्या परिसरात, त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ थर होता आणि तो लाव्हाचा नव्हता. तो तळ्याच्या गाळाचा होता. त्यात गोगलगायींचे शंख होते, माशांचे खवले होते, फळे-बिया होत्या, किड्यांचे पंखही होते. म्हणजे लाव्हा एकदाच सलग वाहिला नव्हता. एक लोट आला, निवला, त्यावर पाऊस पडला, डबकी साचली, झाडे उगवली, बेडूक ओरडले, आणि मग पुढचा लोट आला. मुंबईत वरळीच्या टेकडीतही लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या काळ्या मऊ खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. असे थर दख्खनच्या पठारावर जागोजागी आहेत. लाव्हाच्या या काळ्या दगडाला ट्रॅप म्हणतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात.

हिस्लॉप यांचे मत पडले की हे जीव इओसीन काळाचे, म्हणजे टर्शरी युगाच्या आरंभाचे, डायनोसॉर संपल्यानंतरचे. ते १८६३ मध्ये टाकळघाटजवळच्या ओढ्यात बुडून गेले. तिथे ते जुनी शिलावर्तुळे पाहायला गेले होते. पुढे १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी सर्वेक्षणातर्फे भारताच्या भूशास्त्राचा मोठा ग्रंथ काढला. त्यानंतर दख्खनचा दगड क्रिटेशस काळाचा, म्हणजे डायनोसॉरांच्या काळाचा, हे मत रूढ होत गेले. नागपूरच्या मिशनऱ्याचे मत मागे पडले.

ते पुन्हा पुढे आणले लखनौने, आणि तेही वनस्पतींच्या आधाराने.

नागपूरच्या उत्तरेला, तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां नावाचे गाव आहे. तेव्हा त्याच जिल्ह्यात सौंसरही होते, आजही मराठी बोलणारा भाग. मोहगावच्या शेतांत गारगोटीसारख्या कठीण चर्टचे तुकडे विखुरलेले असतात. शेतकऱ्याच्या नांगराला ते त्रासाचे, पण त्यांच्या आत एक अख्खे जंगल आहे. लाव्हाच्या आगेमागे सिलिका मिसळलेले पाणी तळ्यात झिरपले आणि बुडालेल्या फांद्या-फळांच्या पेशीपेशीत शिरून घट्ट झाले. झाड गेले, त्याची रचना राहिली. असा तुकडा करवतीने कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या पुडीने हाताने घासत राहायचे, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. जरा जास्त घासले की गेले. नाहीतर हायड्रोफ्लोरिक आम्लाने दगडाचा पृष्ठभाग खायला लावायचा आणि उघड्या पडलेल्या पेशींवर पातळ पापुद्रा चढवून तो अलगद सोलायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली फळाचे कप्पे दिसतात, बी दिसते, बीजाचे आवरण दिसते. लखनौची प्रयोगशाळा हे काम वर्षानुवर्षे करत राहिली.

१९३३ मध्ये भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांनी मोहगावच्या फळांबद्दल टिपण लिहिले. त्यातले एक फळ निपाचे निघाले. निपा म्हणजे सुंदरबनात खाडीच्या चिखलात उभा राहणारा बुटका ताड, बंगालमध्ये ज्याला गोलपाता म्हणतात. खाऱ्या पाण्याची भरती-ओहोटी त्याला लागतेच. ते झाड छिंदवाड्यात काय करत होते? त्याच वर्षी लंडनमध्ये एलिनॉर रीड आणि मार्जरी चँडलर यांचा लंडन क्ले थरातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. थेम्सच्या मुखाजवळच्या त्या इओसीन चिखलात निपाची फळे ढिगाने होती. साहनींनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. सौंसरच्या चर्टमध्ये त्यांना आणि एच. एस. राव यांना अझोला सापडला, तोच पाणवनस्पतींचा वंश जो आज गुरांच्या खाद्यासाठी टाक्यांत वाढवतात. त्या वेळच्या माहितीप्रमाणे अझोला क्रिटेशसमध्ये कुठे नोंदला गेला नव्हता. ताडांची खोडे तर खूप होती. सगळ्यांचा रोख टर्शरीकडे होता.

१९३४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये साहनींनी लेख लिहिला आणि शीर्षकातच प्रश्न ठेवला: दख्खनचे ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी? १९३७ च्या हैदराबादच्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यावर चर्चा झाली. त्याच वर्षी रोडे यांच्यासोबत त्यांनी मोहगावच्या वनस्पतींचा सविस्तर लेख काढला. १९४० मध्ये मद्रासला विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्यांनी प्रश्नचिन्हच काढून टाकले. दख्खनचा ट्रॅप हे टर्शरी युगातले एक प्रकरण आहे, असा त्या भाषणाचा विषयच होता. देशाच्या विज्ञानसंमेलनाचा अध्यक्ष स्वतःच्या भाषणासाठी आपल्या पठाराचा दगड निवडतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्या काळी अध्यक्षीय भाषणांत विज्ञानाची आणि राष्ट्राची स्थूल चिंता वाहण्याची रीत होती. साहनींनी एक नेमका प्रश्न उचलला, पुरावा मांडला आणि बाजू घेतली.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. मोहगावचा थर त्या भागात ट्रॅपच्या तळाजवळचा आहे. तळच टर्शरी असेल तर त्याच्यावरचा सगळा दगडही टर्शरी. यातली कच्ची जागा पुढे उघडी पडली: नागपूर-छिंदवाड्याचा तळ हा सह्याद्रीचाही तळ आहे असे धरता येत नाही, आणि एका ठिकाणचा मधला थर दुसरीकडच्या थराशी जोडणेही सोपे नाही. पण ते कळायला किरणोत्सारावरून खडकाचे वय मोजणारी यंत्रे यावी लागली. १९४० मध्ये हातात होते ते फळ, बी आणि खवला.

या सगळ्यात लखनौने एक काम केले, ज्याचे मोल शोधनिबंधांच्या संख्येत मावत नाही. त्या प्रयोगशाळेने हा प्रश्न आपल्यापाशी अडवून ठेवला नाही. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये व्ही. बी. शुक्ल मोहगावच्या चर्टवर काम करत होते. १९४४ मध्ये त्यांनी तिथल्या एका अश्मीभूत फुलाला साहनियांथस असे नाव दिले. साहनींनी रोडे यांच्या नावाने रोडायटीस या जलनेच्याच्या वंशाची स्थापना केली होती. मोहगावच्याच एका फळाला, एनिग्मोकार्पॉनला, त्यांनी ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांचे नाव जोडले होते. पुण्यात त्र्यंबक शंकर महाबळे यांनी जे. व्ही. देशपांडे यांच्यासोबत १९५७ मध्ये लखनौच्याच 'द पॅलिओबॉटनिस्ट' नियतकालिकात सोनेरॅशिया आणि त्याच्या जीवाश्म नातलगांवर लेख लिहिला. एनिग्मोकार्पॉनची फळे याच गोतावळ्यातली. सोनेरॅशिया म्हणजे कोकणच्या खाड्यांतली चिप्पी. त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. छिंदवाड्याच्या शेतातल्या गारगोटीत आपल्या खाडीकाठच्या झाडाचे पूर्वज निघाले, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते.

नागपूरच्याच श्यामला चितळे मोहगावच्या वनस्पतींवर वर्षानुवर्षे काम करत राहिल्या. इंग्लंडमधल्या रेडिंगला टॉम हॅरिस यांच्याकडे त्यांनी अभ्यास केला आणि पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुरावनस्पतींच्या संग्रहाची जबाबदारी घेतली. विदर्भातल्या एका स्त्रीने चर्ट घासायला सुरुवात केली आणि ओहायोच्या जीवाश्मांपर्यंत पोहोचली. हॅरिस यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

साहनींची नजर एका विषयात बसणारी नव्हती. मार्च १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर ते गेले आणि तिथे त्यांना मातीच्या भाजलेल्या साच्यांचे तुकडे मिळाले. यौधेय या प्राचीन गणाची नाणी त्या साच्यांत ओतली जात. दगडाचा छेद घेणाऱ्या माणसाने साच्यांचाही छेद घेतला, वितळलेला धातू कुठून कुठे वाहिला ते शोधले आणि १९४५ मध्ये प्राचीन भारतातल्या नाणी ओतण्याच्या तंत्रावर पुस्तक लिहिले. नाणेशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेने ते आपली पहिली स्मरणिका म्हणून छापले. दुसरीकडे, १९३० च्या दशकात, खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरचे म्हणणे बहुतेक भूशास्त्रज्ञ गंभीरपणे घ्यायला तयार नव्हते, तेव्हा साहनींनी वनस्पतींचा पुरावा पुढे केला. भारतातली ग्लोसॉप्टेरिसची झाडी आणि चीनमधली जायगँटॉप्टेरिसची झाडी आज नकाशावर शेजारी आहेत, पण एकमेकींना ओळखही देत नाहीत. त्या एकमेकींपासून दूर वाढल्या आणि जमिनीसकट जवळ आल्या, असे मानले तर गोष्ट उलगडते. हीच ग्लोसॉप्टेरिसची पाने आपल्या नागपूरच्या वालुकाश्मांत आहेत. हिस्लॉप-हंटर यांच्या संग्रहातून ती लंडनला गेली आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्यांचे वर्णन केले. १९३६ मध्ये साहनी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४३ मध्ये लखनौ विद्यापीठात भूविज्ञान विभाग सुरू झाला तो त्यांच्याच प्रयत्नाने, आणि वनस्पतिशास्त्रासोबत त्याचीही धुरा त्यांनी घेतली.

एक पराभवही नोंदवला पाहिजे, कारण तो दख्खनच्या प्रश्नाच्या शेजारीच उभा आहे. पंजाबातल्या खेवड्याच्या मिठाच्या डोंगराखालचे थर किती जुने, यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. सर्वेक्षणाचे ई. आर. जी म्हणत होते कँब्रियन, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुने. साहनींना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना त्याच थरांतून लाकडाचे आणि पानांचे सूक्ष्म कण मिळाले, म्हणून ते म्हणत इओसीन. त्यावर परिसंवाद झाले, दोन्हीकडून हट्ट धरला गेला. शेवटी जी यांचे म्हणणे बरोबर ठरले. मीठ फार सहज बाहेरच्या गोष्टी पोटात घेते आणि ते सूक्ष्म कण मुळातले नव्हते. म्हणजे सूक्ष्मदर्शक तोच, हात तेच, काळजी तीच, आणि एका जागी निष्कर्ष साफ चुकला. त्यामुळे साहनींचे वजन कमी होते असे मला वाटत नाही. सूक्ष्म जीवाश्मांवरून खडकांचे वय ठरवण्याची जी विद्या पुढे कोळसा आणि तेलाच्या शोधात कामाला आली, ती भारतात या अशाच धडपडीतून आली.

आता संस्थेची गोष्ट. जून १९४६ मध्ये साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्री यांनी न्यास केला. आपली मालमत्ता, जीवाश्मांचा संग्रह, पुस्तके, सारे त्यात घातले. सप्टेंबर १९४६ मध्ये पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था उभी राहिली, प्रथम विद्यापीठाच्या विभागातच. दोन वर्षांनी सरकारने युनिव्हर्सिटी रोडवर बंगला आणि जागा दिली. साहनींनी पायाचा दगड स्वतः घडवला. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या काळांतले जीवाश्म त्यात बसवले. ज्या मातीत दगड नव्हता, तिथे जगभरच्या दगडांचा पाया. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो बसवला गेला, आणि आठवडाभरात, ९ आणि १० एप्रिलच्या मधल्या रात्री, साहनींना हृदयविकाराने गाठले. वय सत्तावन.

त्यानंतर जे झाले त्याचे श्रेय सावित्री साहनी यांना द्यायला हवे, आणि ते पुरेसे दिले गेलेले नाही. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, पण संस्थेची अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी घेतली. त्या हिवाळ्यात रेडिंगचे टॉम हॅरिस सल्लागार म्हणून येऊन राहिले, मग युनेस्कोच्या मदतीने ऑस्लोचे ओव्ह आर्बो होग संचालक म्हणून आले. १९५२ मध्ये 'द पॅलिओबॉटनिस्ट' हे नियतकालिक सुरू झाले. जानेवारी १९५३ मध्ये नेहरूच पुन्हा येऊन नव्या इमारतीचे उद्‌घाटन करून गेले. १९६९ मध्ये संस्था स्वायत्त होईपर्यंत, वीस वर्षे, सावित्रीबाईंनी तिला धरून ठेवले.

दख्खनच्या वयाचा प्रश्न मधल्या काळात थोडा निपचित पडला होता. तो जागा झाला १९८० मध्ये, अगदी वेगळ्या दिशेने. लुईस आणि वॉल्टर आल्वारेझ यांनी डायनोसॉरांच्या अंताला अशनीचा आघात कारण ठरवला. मग काहींनी विचारले, ज्वालामुखी का नाही? १९८६ मध्ये फ्रान्सच्या व्हॅन्सां कूर्तियो यांच्या गटाने मांडले की दख्खनचा बहुतांश लाव्हा क्रिटेशस आणि टर्शरी यांच्या सीमारेषेवरच, फार थोड्या काळात ओतला गेला. एका रात्रीत आपला काळा दगड जगातल्या सर्वांत गाजलेल्या भूशास्त्रीय प्रश्नाच्या मधोमध आला. आज जगभरच्या नियतकालिकांत जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही लाव्हाच्या थरांची शास्त्रीय नावे म्हणून छापली जातात. आंबेनळी घाटातून एसटीने गेलेल्या कुणालाही हे वाचून छाती भरून यावी.

२०१५ मध्ये ब्लेअर शोन यांच्या गटाने सह्याद्रीतल्या दगडांतून, लाव्हांच्या मधल्या तांबड्या थरांतूनही, झिरकॉनचे कण वेचून शिसे-युरेनियमने त्यांचे वय मोजले. मुख्य उद्रेक सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालला. सीमा सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे खालचा कातळ क्रिटेशसचा, वरचा टर्शरीचा. १९३४ च्या साहनींच्या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि ते दोन्ही बाजूंचे निघाले. त्यांनी पुरावा म्हणून धरलेला निपा आणि अझोलाही पुढे क्रिटेशसमध्ये सापडला, आणि मोहगावचा थर सीमेच्या आधीचा असावा असे परागकणांच्या अभ्यासावरून अनेकांचे मत आहे. पण वाद संपला नाही. किती लाव्हा सीमेआधी आणि किती नंतर, यावर २०१९ मध्ये दोन गटांचे दोन लेख एकाच वेळी 'सायन्स'मध्ये आले आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत.

या नव्या काळात लखनौ पुन्हा महाराष्ट्राच्या मातीत आले, ते चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला. हिस्लॉप यांना तिथे प्रचंड हाडे मिळाली होती. शेतात वाळलेल्या शेणासारखे दिसणारे दगडही मिळतात आणि ते खरोखर तेच आहे, डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा. २००५ मध्ये साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदीयन आणि अशोक साहनी यांनी त्यातून वनस्पतींचे काचेसारखे सूक्ष्म कण वेगळे केले. अशोक साहनी हे बीरबल साहनींचे पुतणे. काही कण गवताचे होते, किमान पाच प्रकारांचे. तोवर समज असा होता की गवत डायनोसॉर संपल्यानंतर पसरले. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली. २०११ मध्ये याच कामातून भाताच्या कुळाचे पूर्वजही क्रिटेशसमध्ये होते असे दाखवले गेले. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, शेतीचा इतिहास आणि ज्वालामुखीचे शास्त्र, सगळ्यांना एका ढेकळाची दखल घ्यावी लागली.

आणि निपाचे काय? छिंदवाड्यात समुद्र होता का, हा प्रश्न साहनींच्या काळापासून लोंबकळत होता. मोहगाव कलांपासून फार लांब नाही असे झिलमिली नावाचे गाव आहे. २००९ मध्ये गर्टा केलर यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने तिथल्या आंतरट्रॅपी थरातून समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव, फोरॅमिनिफेरा, मिळवले. ते सीमेच्या नुकत्याच नंतरच्या काळचे होते. त्या गटात नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे होते, पुढे साहनी संस्थेचे संचालक झालेले सुनील बाजपेयी होते, आणि अशोक साहनी होते. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या त्या भागात खारे पाणी खरेच पोहोचले होते. ते पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यातून चढले, की पूर्वेकडून गोदावरीच्या, हे अजून ठरलेले नाही. त्यासाठी मधल्या थरांचे आणखी तुकडे घासावे लागतील, आणि तसे थर विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत आपल्या शेतांखाली पसरलेले आहेत.